रतनचे पांढरे दात

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर राहणारी रतन रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी दातवण लावायची. हिरडा, मायफळ, हिराकस आणि लोखंडाचा कीस यांची ती काळी पूड. त्या काळी सवाष्णीच्या कपाळाला जसं कुंकू, तसं दातांना दातवण. दात जितके काळेभोर तितकी बाई देखणी. पांढरे दात असायचे पोरीबाळींचे, नाहीतर विधवांचे. रतनच्या दातांची तर विहिरीवर तारीफ व्हायची, आणि ती ऐकून रतन जरा जास्तच तोंड उघडून बोलायची, हेही खरं.

नवरा गुरुदत्त कचेरीत कारकून. एकदा तो मुंबईला मित्राकडे राहून आला आणि त्याचं डोकंच फिरलं. मित्राची बायको लिहायला-वाचायला शिकलेली, तिचे दात दुधासारखे.

“अगं, तव्याच्या बुडासारखं तोंड झालंय तुझं,” तो आल्या आल्या म्हणाला. “सोड ते दातवण.”

“अहो, काहीतरीच काय! लोक काय म्हणतील?”

“लोकांना करायचाय का संसार तुझ्याबरोबर?”

एवढं बोलून स्वारी पाट घेऊन जेवायला बसली. हुकूम सोडायला काय जातं? घासायचं होतं बायकोला. रतन मागल्या दारी कोळशाची पूड आणि मीठ घेऊन बसू लागली. हिरड्यांतून रक्त यायचं, आंबट खाल्लं की जीव कळवळायचा. पण समोरचे दात हळूहळू उजळले. सासूबाई आवडाबाई सगळं बघत होत्या. मुलाचीच मर्जी, म्हणून बोलल्या नाहीत. फक्त हळदीकुंकवाला जाताना सुनेला बरोबर नेईनाशा झाल्या.

रतन आधी रडली. मग एका दुपारी घरात कुणी नसताना तिनं फणीकरंड्याचा आरसा उघडला आणि सहज हसून पाहिलं. समोर कुणी वेगळीच बाई होती, आणि ती सुरेख होती. रतननं पुन्हा हसून पाहिलं. त्यानंतर आरशाचा नादच लागला. गुरुदत्त कौतुकानं बघायचा ते आवडायचंच, पण तो कचेरीत गेल्यावर एकटीनं बघण्यात गोडी अधिक होती. दातवणाची डबी तिनं आपणहून उकिरड्यावर फेकली.

पावसाळा सरता सरता गुरुदत्तला हिवताप आला. थंडीनं दात वाजायचे, मग अंग फणफणायचं, मग बरळणं. सरकारी दवाखान्यातलं कोयनेल सुरू होतं, पण ताप उतरेना. काढ्याचं पातेलं चुलीवरून उतरवताना आवडाबाई एवढंच म्हणाल्या, “सौभाग्य घासून काढलंस गं बाई.”

‘त्यांनीच सांगितलं होतं,’ असं म्हणायला रतननं तोंड उघडलं, आणि तिला आरसा आठवला. नवऱ्यानं सांगितलं म्हणून घासले, हे खरं. पण आरशापुढे काय नवऱ्यानं बसवलं होतं? डबी फेकताना हात कुणाचा होता? आपल्या रूपापायी आपण नवऱ्याला मरणाच्या दारात नेलं, हे तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. तिला स्वतःची किळस आली. तिनं शेजारणीकडून दातवण मागून आणलं आणि नवऱ्याच्या उशाशी बसून सोललेल्या हिरड्यांवर चोळलं. झोंबून डोळ्यांतून पाणी वाहिलं, तरी थांबली नाही. “कोपिनेश्वरा,” ती पुटपुटली, “पुन्हा आरशात नाही बघायची मी. यांना तेवढं उठव.”

गुरुदत्त उठला. नवसानं की कोयनेलानं, ज्यानं त्यानं ठरवावं; मला विचाराल तर कोयनेलानं. पण रतनला कोण समजावणार?

ती पेजेची वाटी घेऊन आली तेव्हा त्याला तिचे दात दिसले.

“पुन्हा लावलंस?” तो म्हणाला. “माझी एवढी एक हौस होती. तीही तुला जड झाली.”

हौस तुमच्याहून मला जास्त होती, हे रतनच्या अगदी ओठांवर आलं. पण तसं सांगितलं असतं तर तो आनंदानं ‘मग घास की पुन्हा’ म्हणाला असता, आणि तिनं त्याच दिवशी कोळसा हातात घेतला असता. याचीच तिला भीती होती. तिनं वाटी त्याच्या हातात दिली आणि ती तोंड मिटून हसली. पुढे जन्मभर ती तशीच हसली.