आत फोम नसलेला कोट

चाकणला गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या बायकांना शिफ्टमध्ये लघवीलाही विचारून जावं लागतं, हे मी पत्रकात छापलं आणि गेटवर वाटलं. मी तिथंच कॉम्प्युटरवर कव्हरांचे पॅटर्न काढत होते. आठवड्यात बाहेर. आई मात्र अजून त्याच लाइनवर आहे.

मग तळवड्यात एका डिझाइन कंपनीत लागले. परदेशातल्या चित्रविचित्र कपड्यांचे फोटो यायचे, ते कपडे सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब उभे करायचे. कोणी रोज घालणार नाही अशा कोटाची शिवण न् शिवण जपायची, आणि ती शिवणाऱ्या बाईचं नाव कुठंच नाही. डोकं सणकायचं. पण काम आवडायला लागलं होतं, हेही खरं. प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता. मी राहते की जाते, हे एका काळ्या कोटावर ठरणार होतं.

एकच बाही, पाठीवर भलंमोठं कुबड. चार वाजता गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर बघणार. दोनला मी तुकडे जोडून स्क्रीनवरच्या पुतळ्यावर चढवले. कोट अंगाला असा चिकटला की सॉफ्टवेअर ताणलेल्या शिवणी लाल दाखवायला लागलं.

टीम लीड मागंच उभे होते. "ताई, कोट शिवलात की ड्रायव्हरची सीट?"

सगळे हसले. मला राग आला, कारण माणूस बरोबर बोलत होता. सीट कव्हर फोमपेक्षा लहान कापतात, म्हणजे ते ताणून बसतं. सवयीनं माझ्या हातानं तेच केलं होतं.

माप वाढवलं, तर कुबड रिकाम्या पोत्यासारखं खाली बसलं. कापड कडक केलं, तर पत्र्यासारखं दिसायला लागलं. तीन वाजले. लाइनवर फोन चालत नाही, पण सव्वातीनला चहाची सुट्टी असते. मी जिन्यात जाऊन आईला कोटाचा फोटो पाठवला आणि फोन लावला.

"आत काय भरलंय?"

"काहीच नाही."

"मग शिवणच उभी ऱ्हायला पायजे. पायपिंग घाल की आतनं. आमी कडंला दोरी घालतो, तशी."

घातली. पावणेचारला कुबड उठलं आणि उठलेलंच राहिलं.

गिऱ्हाईक बाईंनी कोट फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, हे उभं कसं राहिलं? लीड म्हणाले, आमच्या टीमनं बराच अभ्यास केला. मला गप्प बसता आलं असतं.

"चाकणला सीट शिवणाऱ्या बाईनं सांगितलं," मी माझ्या इंग्रजीत बोलून टाकलं. "माझ्या आईनं."

कॉल संपल्यावर लीडनी दार लावलं. गिऱ्हाइकाच्या कपड्यांचे फोटो बाहेर पाठवणार नाही, असं मी नोकरीला लागताना लिहून दिलं होतं. मी भांडले. तिची अक्कल चालते, नाव का चालत नाही? त्यांनी माझी सही पुढं ठेवली. कोट पास झाला, माझं प्रोबेशन तीन महिने वाढलं.

घरी आई मेथी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"नोकरी हाय ना?"

"आहे."

"मग फोटो नको धाडू परत. तोंडी सांगत जा. मला कळतं."