आपाची लाल गोटी

जैनबआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर रागावूनच बसले होते. दीड महिना झाला, राग काही उतरला नाही... उतरवायचाही नाही मला.

आम्ही दोघी धर्माबादच्या, भिंतीला भिंत लागून घरं. लग्न होऊन ती नांदेडला गेली, मी लातूरला आले. तिनं लोकांचे कपडे शिवून संसार ओढला, मी दुकानदार नवऱ्याच्या घरात भाकरी थापल्या. मधली कितीतरी वर्षं लग्नकार्यात भेटलो तेवढंच. माझे मालक वारले, मी उंबरा ओलांडायची बंद झाले, तेव्हा आपानं माझ्या नातीला सांगून माझ्या फोनात लुडो टाकायला लावला. रोज दुपारी तीनला डाव. लाल गोट्या तिच्या, हिरव्या माझ्या, आणि खेळता खेळता फोनमधूनच गप्पा.

खेळात तिला दयामाया नव्हती. माझी गोटी घराच्या तोंडाशी आली की नेमकी मारायची आणि खदखदा हसायची. मी भिऊन गोट्या आतच ठेवायची, तर ओरडायची, "अगे कुसुम, छक्का पड्या ना? निकाल बाहर! घर में बैठके कौन जीत्या?" पुढच्याच सोमवारी मी एकटी भाजी आणायला गेले. कुणाला सांगितलं नाही का ते.

माझा मोतीबिंदू पिकला होता. आधी नातीची परीक्षा, मग पाहुणे, असं करत ढकलत होते. आपाला कळलं तेव्हा तिनं डाव अर्ध्यात सोडला. "तेरी बारी दूसरे को देती? पागल हाय क्या?" त्याच आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. हे लिहितेय ते त्याच डोळ्यानं.

आणि ही बया स्वतः? छातीत कळ येत होती, डावा हात भरून येत होता, आणि कुणाकडं चकार शब्द नाही. मी नांदेडला गेले तेव्हा तिची सून रडत सांगून राहिली, "एकदा मला कळलं तर म्हणल्या, ईदचे कपडे होऊ दे, मग जाऊ दवाखान्यात." अगं, मला शहाणपण शिकवलंस, आणि आपली बारी लोकांच्या कुर्त्यांना देऊन बसलीस? लोकांना दुसरी शिवणारी मिळाली. आठ दिवसांत मिळाली!

त्या दुपारी आम्ही खेळतच होतो. आपा बोलेना, पण लाल गोटी चालत होती. माझी गोटी आयती समोर होती, ती सोडून लाल गोटी भलतीकडंच सरकली. मला वाटलं, मुद्दाम मला जिंकवतेय. "कीव करू नको माझी," म्हणाले आणि फोन आपटून ठेवला.

नंतर नातीनं सांगितलं, "आजी, वेळेत फासा टाकला न्हाई तर फोन आपोआप खेळतो." म्हणजे गोटी चालत होती, आणि आपा मशीनवर डोकं टेकून पडली होती. घरात दुसरं कुणी नाही. गोटी हलतेय म्हणजे आपा बरी आहे, हीच तर आमची रोजची खूण. सुनेला एक फोन लावला असता तर वाचली असती की नाही, कोण जाणे... पण एकटी नसती पडली.

अजूनही तीन वाजले की खेळ उघडते. यादीत तिचं नाव आहे, बाजूला फोटोऐवजी तिनं लावलेलं जास्वंदाचं फूल. नावावर बोट ठेवलं की फोन लिहून दाखवतो, खेळाडू हजर नाही.

मेल्या, हे आत्ता सांगतोस? त्या दुपारी सांगायचं होतंस.