इटलीच्या चांभाराची फाइल

“तू हात धुऊन घे,” काकू म्हणाल्या.

ऑफिसच्या किचनमध्ये आम्ही पाच जण टेबलाभोवती बसलो होतो. टेबलावर चिवडा, बर्फी आणि मधोमध एक बूट. इटलीहून आलेला, हाताने शिवलेला, नवाकोरा. आमच्या क्लायंटने व्हिसा मिळाल्याच्या आनंदात भेट म्हणून पाठवलेला. प्रत्येकाने तो हातात घेतला. काकांनी नाकाला लावून वास घेतला आणि म्हणाले, “अहाहा! इटालियन लेदर!” त्याच हाताने त्यांनी चिवड्याचा बकाणा भरला. काकूंनीही बूट फिरवून फिरवून पाहिला आणि मग बर्फी उचलली. हात कुणीच धुतले नाहीत.

मग काकांनी मला विचारलं, “तुला चामड्यातलं एवढं कसं काय कळतं गं?”

मी सांगितलं, “माझे वडील वहाणा शिवायचे. आजोबासुद्धा.”

आणि काकू म्हणाल्या, तू हात धुऊन घे.

मी धुतले. मला सगळ्यात आधी हेच सांगायचंय. कुणी मला ओढत नळाखाली नेलं नाही. मी आपणहून उठले, साबण लावला, धुतले, पुसले. परत आले तर चिवड्याचा बाउल काकूंनी स्वतःकडे सरकवला होता आणि माझ्यासाठी पेपर प्लेटमध्ये वेगळा काढून ठेवला होता. “घे गं,” म्हणाल्या. अगदी प्रेमाने. तोही मी खाल्ला.

हे ऑफिस अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला आहे. काका इमिग्रेशनचे वकील, काकू ऑफिस सांभाळतात. दोघंही पुण्याचे. मी सांगली जिल्ह्यातली. कायदा शिकले, पुढचं शिकायला अमेरिकेत आले आणि काकांकडे नोकरीला लागले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, “सर-बिर म्हणू नकोस, काका म्हण. आपण एका घरातले.” काकूंनी विचारलं होतं, “कुठले तुम्ही?” मी गावाचं नाव सांगितलं. माझं आडनावही गावावरूनच पडलेलं, शेवटी ‘कर’ लागलेलं. काकूंनी मान डोलावली आणि त्यांना हवं ते त्या समजल्या. मी त्यांना समजू दिलं.

आमच्याकडे इटालियन लोकांच्या फायली जास्त. इटलीचा अमेरिकेशी करार आहे. तिथल्या माणसाने इथे धंदा काढला, त्यात स्वतःचा पैसा घातला, की त्याला व्हिसा मिळतो. आपल्या देशातले कामगारही तो आणू शकतो, फक्त त्यांच्या हातातलं कसब इथे सहज मिळत नाही हे पटवून द्यावं लागतं. भारताचा असा करार नाही. आम्ही रांगेत. दिवसभर मी इटलीवाल्यांसाठी दार उघडायचं आणि संध्याकाळी आपल्या रांगेत येऊन उभं राहायचं, असं चाललं होतं.

माझी वर्क व्हिसाची सहा वर्षांची मुदत संपत आली होती. ती संपायच्या वर्षभर आधी ग्रीन कार्डाची पहिली फाइल लागली तरच पुढे राहता येतं. ती लावायची मालकाने. कागद तयार होते. काकांची सही तेवढी बाकी होती आणि फाइल लावायला तीन महिने उरले होते.

तो बूट पाठवणारा लूका चार पिढ्यांचा बूट शिवणारा. त्याच्या गावच्या एका छोट्या कंपनीने न्यू जर्सीत वर्कशॉप काढलं आणि त्याला आणायचं ठरवलं. वकिलातीने आम्हाला एकच प्रश्न विचारला: अमेरिकन माणसाला सहा महिन्यांत शिकवता येणार नाही असं या माणसाला काय येतं?

काकांना उत्तर सुचेना. ‘उत्कृष्ट हस्तकला’ असं काहीबाही त्यांनी लिहून पाहिलं. शेवटी फाइल माझ्याकडे आली. मी लूकाला व्हिडिओ कॉल केला आणि विचारलं, “बुटाच्या तळव्याचं कातडं कुठून कापतोस?”

तो हसला. कॅमेरा वळवून त्याने पसरलेलं कातडं दाखवलं आणि त्यावर अंगठा फिरवला. पाठीचं घट्ट, ते तळव्याला. पोटाकडचं ताणतं, ते तळव्याला चालत नाही. माझे वडील, आबा, डोळे मिटून असाच अंगठा फिरवायचे. आम्ही तासभर बोललो. त्याच्या हातातली कातड्याला भोक पाडायची आरी आमच्या घरातल्या आरीसारखीच होती, मूठ झिजून तळहाताच्या आकाराची झालेली.

मग मी पत्र लिहिलं. ‘हे ज्ञान कुठल्या शाळेत मिळत नाही. बापाच्या शेजारी बसून, वर्षानुवर्षं त्याचे हात बघून येतं.’ ते सगळं आबांचं होतं. नाव फक्त लूकाचं टाकलं. लिहिताना मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. काकांनी ते पत्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाले, “काय हेरिटेज आहे यार या लोकांकडे!”

आमच्याकडेही होतं हेरिटेज. माझे मास्तर शाळेत येताना तुटकी वहाण आमच्या ओट्यावर लांबून टाकायचे आणि भर वर्गात मला म्हणायचे, “बापाला सांग, संध्याकाळपर्यंत झाली पाहिजे.” पोरं नाकाला रुमाल लावायची. मी खाली बघायचे. तिथून मी सातासमुद्रापार आले, पण मान खाली घालायची सवय काही सुटली नाही. बरोबर घेऊन आले.

हात धुतले त्याला आठवडा झाला असेल. पार्किंग लॉटमध्ये काकूंनी मला गाठलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. “अगं, गेल्या वर्षी माझ्या गणपतीला नैवेद्याचे मोदक तू केलेस. सोवळ्यात केलेस. मला एका शब्दाने सांगायचं नाही का? आता मी लोकांना काय सांगू?”

एकवीस मोदक केले होते मी. एकाचीही कळी फुटली नव्हती. सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ले होते. मी गाडीत बसले आणि दहा मिनिटं गाडी सुरूच केली नाही.

मग काकांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी फाइल, तिच्यावर पेन.

“हे बघ,” ते म्हणाले, “मी जात-बित मानत नाही, यू नो मी. पण काकूचं सर्कल आहे, मराठी मंडळाचे लोक घरी येतात. तू एवढंच म्हण, की बाबांचं चपलांचं शॉप होतं. शॉप म्हणजे बिझनेस झाला ना! गणपतीला ये, सगळ्यांसमोर सहज बोलून टाक. मिसअंडरस्टँडिंग क्लिअर होईल. तुझी फाइल आजच सबमिट करून टाकू.”

एक वाक्य. तेवढ्यावर माझं इथलं आयुष्य. सांगून टाकावं, असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पाच वर्षं गप्प राहून मी तेच तर सांगत आले होते.

पण या माणसाने आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच शिकवलं होतं: फाइलीत एक शब्द खोटा चालणार नाही. लूकाच्या आजोबांचा जुना फोटोसुद्धा खरा आहे ना, म्हणून त्यांनी मला दोनदा तपासायला लावला होता. लूकाच्या बापाबद्दल खोटं चालत नव्हतं आणि माझ्या बापाबद्दल खरं चालत नव्हतं. हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या दिसलं. इतकं सरळ दिसलं, की आधी कसं दिसलं नाही याचाच मला राग आला.

मी म्हणाले, “माझ्या वडिलांचं दुकान नव्हतं. ते ओट्यावर बसून वहाणा शिवायचे. आम्ही चांभार आहोत.”

अमेरिकेत हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला.

“अगं, हे असं बोलायची गरज आहे का?”

“आहे.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग फाइलचं बघावं लागेल. सध्या वर्कलोड फार आहे.”

“माझी फाइल का थांबली, ते ईमेलवर लिहून द्या.”

मी जागेवर येऊन त्यांचं सगळं बोलणं शब्दन् शब्द, तारीख घालून लिहून ठेवलं. पुरावा कसा गोळा करायचा, हे मी त्यांच्याकडेच शिकले होते.

घरी येऊन आबांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,

“मग परत यावं लागंल का गं?”

“लागेल कदाचित.”

“म्हणायचं हुतंस की दुकान हुतं. मी काय नाही म्हटलो असतो व्हय?”

काकूंचं बोलणं मला एवढं लागलं नव्हतं. माझा बाप माझ्या व्हिसासाठी स्वतःला पुसून टाकायला तयार होता आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी रडले. मग लॅपटॉप उघडला.

राज्याच्या नागरी हक्क खात्याचा तक्रारीचा फॉर्म आहे. त्यात भेदभाव कशावरून झाला याची यादी आहे. जातीचा रकाना नाही. मी ‘वंश’ या शब्दापुढे खूण केली आणि खाली काय घडलं ते लिहिलं. हात धुतले, तेही लिहिलं. कायद्यात हे बसेल की नाही, माहीत नाही. मी स्वतः कायद्यातली आहे, म्हणूनच छातीठोकपणे सांगत नाही. आपली माणसं मला मंडळात उभं करणार नाहीत, हे मात्र नक्की माहीत आहे.

शेवटचा प्रश्न होता: तुम्हाला काय हवं आहे?

मी लिहिलं, माफी नको. या टेबलावर पुढे कुणाचीही फाइल त्याच्या बापाच्या कामावरून अडता कामा नये.

फॉर्म पाठवला आहे. माझ्याकडे अजून दहा आठवडे आहेत. सोमवारी मी ऑफिसला जाणार आहे, माझ्या खुर्चीवर बसणार आहे, समोर येईल ते काम करणार आहे. राजीनामा देणार नाही. मला काढायचं असेल तर त्यांनी काढावं, आणि कारण स्वतःच्या हाताने लिहावं.