भिंतीवर राहिलेली वाटी

रविवारी सकाळी आमच्या परसातल्या भिंतीपाशी जे ऐकलं, ते अजून डोक्यातून जात नाहीये... म्हणून इथे लिहितेय.

आधी थोडं सांगते. मला बोस्नियात मास्टर्ससाठी ॲडमिशन मिळाली आहे, स्कॉलरशिपसकट. विषय पीसबिल्डिंग, म्हणजे युद्ध संपल्यावर माणसांनी पुन्हा एकमेकांच्या शेजारी कसं राहायचं, त्याचा अभ्यास. मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावात हे समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. एका काकांनी तर "म्हणजे तंटामुक्तीच ना वं?" म्हणून विषयच संपवला. खरं सांगायचं तर ते फारसे चुकलेही नव्हते.

पण आई काही ऐकेना. तिने यूट्यूबवर तिथल्या युद्धाचा एक व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून तिचा एकच धोशा... "जिथं शेजाऱ्यानं शेजाऱ्याले मारलं, तिथं तू काऊन चालली?" बाबांनी हात वर केले. आई हो म्हणेल तेव्हाच तिकीट काढायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. कोर्स सुरू व्हायला आला, तरी घरात तिकिटाचं नाव काढायची चोरी.

त्यातच युनिव्हर्सिटीकडून असाइनमेंट आलं. तुमच्या गावातल्या एखाद्या तणावाच्या काळाबद्दल, तो पाहिलेल्या माणसांशी बोला आणि रेकॉर्ड करा. मला एकच गोष्ट ऐकून माहीत होती. मी लहान असताना बाहेरून कसली तरी अफवा आली आणि गाव काही दिवस बंद होतं. कुणाला काही झालं नाही, पण हिंदू काय, मुसलमान काय, सगळ्यांनी दारं लावून घेतली होती.

आमचं घर हिंदू आळीतलं शेवटचं आणि शाहीन खालांचं मुसलमान आळीतलं पहिलं. मध्ये परसाची एक भिंत. त्या भिंतीची एक रीत आहे... दही बिघडलं की आपली रिकामी वाटी भिंतीवर ठेवायची, पलीकडची त्यात विरजण घालते. हाक मारावी लागत नाही. ही काही सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं मला आजवर वाटलंच नव्हतं.

तर रविवारी आई भिंतीच्या अलीकडे, खाला पलीकडे आणि मध्ये माझा मोबाइल. पहिली काही मिनिटं फक्त खालांची शेळीच बोलली. मग आईने त्या बंदच्या दिवसांबद्दल बोलायला सुरुवात केली.

"भाभीनंच हिंमत केली पहिले. मी तं भ्यायली होती. सकाळी पाह्यलं तं भिंतीवर माही वाटी विरजणानं भरेल होती."

खाला हसायलाच लागल्या. "काही सांगता का वैनी! पहिले तं तुमी केलं. तुमची रिकामी वाटी होती भिंतीवर, नाव कोरेल. मले वाटलं, अशा दिवसातबी वैनी आपल्यालेच मागून राह्यली, मंग आपण काऊन भ्यायचं? पोराईचे अब्बा नको म्हनत होते, तरी मी बाहेर आली."

आई हातातला पदर चाळवत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "भाभी... म्या नाही मागतलं. थे वाटी घासून भिंतीवर उन्हात वाळत घातली होती. तेवढ्यात गडबड झाली, दार लावलं, न् वाटी बाहेरच राह्यली."

इतकी वर्षं हिला वाटत होतं तिने सुरुवात केली, तिला वाटत होतं हिने... आणि कुणीच केली नव्हती! एक विसरलेली वाटी भिंतीवर पडून होती, बस.

त्या दिवसांत साध्या वाटीकडे बघूनही माणसाच्या मनात काय काय आलं असतं. खालांच्या मनात एवढंच आलं, की वैनीचं दही बिघडलंय.

मी आईला विचारलं, ते विरजण तू वापरलंस?

"तुह्या बाबानं फेकायले सांगतलं. लोकं बोलत होते, त्याईच्या घरचं काही खाऊ नका, विष असन. म्या पहिले बोटानं चाटून पाह्यलं. मंग दही लावलं. दुसऱ्या दिवशी तुले दहीभात चारला, न् भाभीसाठी वाटी भरून ठेवली."

विषाची गोष्ट खालांना आजच कळत होती. त्यांनी ओढणी डोळ्यांना लावली. "मले कधी सांगतलं नाही, वैनी."

"काय सांगू? दही चांगलं लागलं होतं."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. ज्या गोष्टीसाठी मी एवढ्या दूर चालले आहे, ती या दोन बायकांनी मी दहीभात खात असताना करून टाकली होती, आणि दोघींनी तिचं श्रेय मात्र कायम पलीकडे दिलं.

सोमवारी सकाळी भिंतीवर एक पांढरं सुती फडकं वाळत होतं, दह्यात बुडवलेलं. विरजण खालांकडचं.

"तिकडं दूध कोमट करजो न् याचा तुकडा टाकजो. दही लागते," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. मग ती वाटी माझ्या हातात दिली, तळाशी तिचं नाव कोरलेली. "हेबी घेऊन जाय. रिकामी ठेवजो एखाद्या भिंतीवर. पाह्यजो... तिकडंबी कोणी तरी भरन."

संध्याकाळी बाबांनी तिकीट काढलं. आई आणि खाला, दोघीही फेसबुकवर नाहीत, म्हणून मोकळेपणाने लिहिते... तुमच्यासारखी छाती मला जन्मात मिळो न मिळो, तुमच्या भिंतीशेजारी मी वाढले, याचंच मला फार अप्रूप वाटतं.

बॅग भरून झाली आहे. वाटी मात्र हातातल्या पिशवीत ठेवली आहे, चेक-इनमध्ये टाकायला जीव होत नाही.