रोहिणी एक मिनिट आधी

शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे ‘पिधान’ हा शब्द मी आईच्या वर्तमानपत्रातून शिकले. चंद्र आड आला की तारा दिसेनासा होतो, ते पिधान. तारा मात्र फटकन विझत नाही. डोळ्यांना कळणार नाही इतक्या थोड्या वेळात त्याचा प्रकाश थरथरत जातो आणि त्या थरथरीवरून ताऱ्याचा आकार मोजता येतो. अवरक्त किरणांत चंद्राचा झगमगाट कमी त्रास देतो आणि रोहिणीसारखा तांबडा तारा उठून दिसतो, म्हणून आमची नोंद त्या किरणांत.

त्या संध्याकाळी दूर उत्तरेकडच्या डोंगरावर, वेधशाळेत, माझे संशोधनाचे मार्गदर्शक सर रोहिणीची नोंद घेणार होते. वेळ मी खगोलीय पंचांगावरून काढून दिली होती, पहिल्यांदाच. यंत्रात जेमतेम अर्ध्या मिनिटाची नोंद मावायची. वेळ चुकली की सगळं गेलं.

मी रजेवर नेरुळला घरी होते. आमच्याकडे पिधान डोंगरापेक्षा थोडं आधी होणार होतं, म्हणून आईला आणि शेजारच्या साताऱ्याच्या काकूंना घेऊन गच्चीवर चटई टाकली. घड्याळ रेडिओच्या बातम्यांवर लावून घेतलं होतं.

मी सांगितलेल्या वेळेच्या मिनिटभर आधीच रोहिणी चंद्राच्या काळ्या कडेआड गेली.

“गेली गं बया नवऱ्याकडं!” काकू म्हणाल्या. “आता तुझा नंबर.”

“हिला चंद्रसुद्धा पसंत पडायचा नाही,” आई म्हणाली.

तेव्हा चूक लक्षात आली. खगोलीय पंचांगातली वेळ आपल्या घड्याळाच्या मिनिटभर पुढे असते. तेवढी वजाबाकी माझ्याकडून राहिली होती, म्हणजे डोंगरासाठी काढलेल्या वेळेतही राहिली होती. मी जिना उतरून एसटीडी बूथवर धावले.

सरांशी मी ‘येस सर’पलीकडे कधी बोलले नव्हते.

“सर, एक मिनिट आधी सुरू करा.”

“आत्ता सांगतेयस? नक्की?”

“नक्की. इथे गेली, मी पाहिली.”

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसती खरखर. मग तिकडे एकदम गलका.

“मिळाली!” सर ओरडले. “अख्खी थरथर आलीय. ऐकतेयस ना?”

“येस सर,” मी म्हणाले. बूथवाल्याने स्टूल पुढे सरकवलं, तेव्हा खाली लक्ष गेलं. एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात काकूंची. तशीच बसून राहिले आणि एकटीच हसले.