रागावलेली मुलगी

बेळगावहून निपाणीला जाताना बसमध्ये शेजारी बेळगावातल्याच वडगावचे एक वयस्क विणकर बसले होते. त्यांच्या मांडीवर वीतभर उंचीची प्लास्टिकची मुलगी होती, कपाळाला आठ्या घातलेली, ओठ घट्ट मिटलेली. तिच्या केसांवरची धूळ ते अंगठ्यानं हळूहळू पुसत होते.

“नातीला खेळणं का, आप्पा?” मी विचारलं.

“न्हाय. जपानच्या कलाकारानं केलेली मूर्ती हाय म्हणं. बेंगळूरला नोकरी करताना लेकीनं हौसेनं घेतलेली. गेल्या महिन्यात जीव दिला तिनं. खोली रिकामी करून आलोय. बायको निपाणीला माहेरी हाय, तिकडं चाललोय.”

मूर्तीच्या कपाळावरच्या आठ्यांवर बोट ठेवून ते म्हणाले, “आमची पोरगी कधी कुणावर रागावली न्हाय. हिच्यासारखं एकदा तरी रागवायचं हुतं.”

निपाणीच्या स्टँडवर त्यांची बायको वाट बघत होती. तिनं मूर्ती घेतली आणि पदराखाली छातीशी धरली.