रविवारी न बोललेलं

इद्वल प्रॉसर आणि हेडली बोवेन एकाच गल्लीत वाढले, पंधराव्या वर्षी एकाच कोळशाच्या खाणीत उतरले आणि पुढे वेल्सच्या लाल जर्सीत, रग्बीच्या पहिल्या फळीत खांद्याला खांदा लावून रेटत राहिले. इद्वलच्या नशिबी सातच सामने आले. डब्लिनला गुडघा असा पिळवटला की खेळही सुटला आणि खाणही. लिहायला हात बरा होता, म्हणून कार्डिफच्या एका वर्तमानपत्राने त्याला ठेवून घेतलं.

तिथे त्याचं नाव झालं ते खरं लिहिण्याने. गावातली माणसं म्हणायची, "इद्वल सख्ख्या भावालाही सोडायचा नाही."

नाहीच सोडलं. एका शनिवारी वेल्स हरलं आणि सोमवारच्या अंकात त्याने लिहिलं, 'बोवेनचे पाय थकलेत. त्याने आता जागा रिकामी करावी.' पुढच्या संघात हेडलीचं नाव नव्हतं.

क्लबात हेडली त्याच्या टेबलाशी आला. आवाज चढवला नाही.

"खरंच लिहिलंस. मलाही कळत होतं. पण रविवारी माझ्याच घरी जेवलास की रे. तेव्हा का नाही बोललास?"

त्यानंतर चौदा वर्षं दोघं एकमेकांना पाहून रस्ता बदलत राहिले. इद्वलने तीनदा पत्र लिहायला घेतलं. रोज हजार शब्द पाडणाऱ्या माणसाला चार ओळी जमल्या नाहीत.

मग खाणीच्या धुळीने हेडलीची फुप्फुसं खाल्ली. त्याची बायको मार्गेड हिने निरोप धाडला. इद्वल गेला तेव्हा खिडकीपाशी पलंगावर नुसती हाडं उरली होती.

"पाय कसाय?" हेडलीने धापा टाकत विचारलं.

"थंडीत ठणकतो."

"मग उभा का? बस."

एवढंच. इद्वल संध्याकाळपर्यंत बसला. माफीचा शब्द ओठांवर आला तोच हेडलीला खोकल्याची उबळ आली, आणि मार्गेडने इद्वलला बाहेर जायची खूण केली. गुरुवारी हेडली गेला.

दफनानंतर चॅपेलच्या मागच्या खोलीत चहा होता. मार्गेड इद्वलजवळ येऊन बसली.

"तुझा पेपर त्याने परत घरात येऊ दिला नाही. मी शेजारच्या ग्लेनिसकडे जाऊन वाचायचे. चांगलं लिहायचास."

"त्याला कधी सांगितलंस?"

"नाही रे. मलाही नाही जमलं."

मृत्युलेख लिहायचं इद्वलने नाकारलं. दुसऱ्याने लिहिला, त्यात सामन्यांचा आकडा चुकला. इद्वलने संपादकाला एका ओळीची दुरुस्ती पाठवली: एकोणीस नव्हे, एकवीस.